नाव सांगा, मग ड्रायव्हर मागा

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दोन तास एकाच पडद्यासमोर बसून होती. व्हर्च्युअल मशीन तयार, १०० जीबीची डिस्क दिलेली, विंडोज ११ चा आयएसओ जोडलेला. इन्स्टॉलरने भाषा विचारली, अटी दाखवल्या आणि डिस्क निवडायच्या पानावर येऊन तो थांबला. यादी कोरी. एकही ड्राइव्ह सापडला नाही, स्टोरेजचा ड्रायव्हर द्या.

"सर, डिस्क दिलीय मी. सेटिंगमध्ये दिसतेय, बघा ना. तिसऱ्यांदा मशीन केलं."

मशीन तीनदा पुसून झालं होतं. आयएसओ खराब असेल म्हणून तोही दोनदा उतरवून झाला होता. पडद्यावर लिहिलेलं तिने खरं मानलं होतं, एवढंच तिचं चुकलं.

डिस्क होती. तिच्याशी बोलायची भाषा इन्स्टॉलरला येत नव्हती. "नाही" आणि "ओळखता येत नाही" यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो पुसून टाकणाऱ्या या एका वाक्यामुळे मी गेली कित्येक वर्षं शहाण्यासुरत्या माणसांच्या रात्री वाया जाताना बघतो आहे.

व्हर्च्युअल मशीनला डिस्क आणि नेटवर्क कार्ड कुठल्या रूपात दाखवायचं, ते खालचा होस्ट ठरवतो. एक रीत जुनी: बाजारात खरंच विकलं गेलेलं हार्डवेअर सॉफ्टवेअरने हुबेहूब उभं करायचं. इंटेलचं ई१००० नेटवर्क कार्ड, आयडीई किंवा साटा कंट्रोलर. यांचे ड्रायव्हर विंडोजच्या पोटात असतात, त्यामुळे सगळं बिनबोभाट चालतं. पण ही नक्कल महाग पडते. आतल्या विंडोजने त्या कंट्रोलरच्या एखाद्या रजिस्टरला हात लावला की दर वेळी होस्टला काम थांबवून मध्ये यावं लागतं. दुसरी रीत म्हणजे सोंग सोडून द्यायचं. आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे गेस्टला, म्हणजे आतल्या व्यवस्थेला, माहीत असू द्यायचं आणि दोघांनी सामायिक मेमरीतल्या रांगांमधून देवाणघेवाण करायची. हा व्हर्टआयओ. ऑस्ट्रेलियातल्या रस्टी रसेल यांनी तो मांडला, जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये तो दाखल झाला आणि २०१६ मध्ये ओएसिस या संस्थेने त्याला मानकाचा दर्जा दिला. लिनक्सच्या केव्हीएमवर, आणि त्यावरच उभ्या असलेल्या प्रॉक्समॉक्सवरही, काम करायचं तर आज हाच खरा रस्ता. लिनक्सला तो पाठ आहे. विंडोजच्या इन्स्टॉलरच्या आयएसओत मात्र त्याचे ड्रायव्हर नसतात.

नसोत. माझी तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार आहे ती माहीत असून न सांगण्याबद्दल.

पीसीआय बसवर बसलेलं प्रत्येक उपकरण दोन क्रमांक घेऊन येतं: बनवणाऱ्याचा आणि उपकरणाचा. व्हर्टआयओचा पहिला क्रमांक १एएफ४. डिस्क असेल तर दुसरा १००१, नेटवर्क कार्ड असेल तर १०००. इन्स्टॉलर हे क्रमांक वाचतो, आणि त्याचा पुरावा त्याच पडद्यावर आहे. "लोड ड्रायव्हर" दाबून फोल्डर दाखवलं की खाली एक चौकट येते: या संगणकाच्या हार्डवेअरशी न जुळणारे ड्रायव्हर लपवा. जुळतात की नाही, हे तो ठरवतो कशावरून? ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमधले क्रमांक समोरच्या उपकरणाच्या क्रमांकांशी ताडून. म्हणजे काय कमी आहे ते त्याला नेमकं ठाऊक आहे. मग तेवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे? तो क्रमांक शोधयंत्रात टाकला असता तर त्या मुलीला दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. उलट तिला वाटलं की आपल्याला साधी डिस्कही जोडता येत नाही. शिकणाऱ्या माणसाचा आत्मविश्वास असा फुकट खर्ची घालणं मला सहन होत नाही.

उत्तर मिळालं तरी पुढे एक खड्डा आहेच. फेडोरा प्रकल्प व्हर्टआयओच्या विंडोज ड्रायव्हरांचा आयएसओ मोफत देतो. तो जोडला की आत डझनावारी फोल्डरं दिसतात. डिस्कसाठी त्यांतली दोन कामाची: व्हायोस्टॉर आणि व्हायोस्कझी. डिस्क "व्हर्टआयओ ब्लॉक" म्हणून दिली असेल तर पहिलं, "व्हर्टआयओ स्कझी" म्हणून दिली असेल तर दुसरं. आता यादीत त्यांची नावं काय येतात पाहा. व्हायोस्टॉरचं नाव "रेड हॅट व्हर्टआयओ स्कझी कंट्रोलर". व्हायोस्कझीचं नाव "रेड हॅट व्हर्टआयओ स्कझी पास-थ्रू कंट्रोलर". ज्याचा स्कझी डिस्कशी संबंध नाही, त्याच्याही नावात स्कझी! नवशिक्याने काय करावं? नावाकडे बघूच नका, फोल्डर बघा. फोल्डरच्या आत विंडोजच्या आवृत्तीचं फोल्डर आणि त्याच्या आत प्रोसेसरचं. विंडोज ११ असेल तर डब्ल्यू११, मग एएमडी६४. प्रोसेसर इंटेलचा असला तरी एएमडी६४च. ६४ बिटची ही रचना एएमडीने आणली म्हणून ते नाव पडलं. "माझा तर इंटेल आहे" म्हणून इथून मागे फिरलेली मुलं मी पाहिली आहेत.

आणखी एक. मशीनला सीडी ड्राइव्ह दोन द्या. एकाच ड्राइव्हमध्ये आयएसओ बदलून ड्रायव्हर घेतला आणि विंडोजचा आयएसओ परत लावायला विसरलात, तर डिस्क दिसते, पण तिच्यावर विंडोज बसवता येणार नाही असा नवाच संदेश येतो. मग माणूस ड्रायव्हरवर शंका घेत बसतो, आणि बिचाऱ्या ड्रायव्हरने तर आपलं काम केलेलं असतं.

डिस्कचं निभावलं की नेटवर्क अडतं. विंडोज ११ पहिल्या सुरुवातीलाच इंटरनेट मागतं आणि व्हर्टआयओ कार्डाचा ड्रायव्हर अजून आलेला नसतो. शिफ्ट आणि एफ१० दाबा, कमांडची काळी खिडकी उघडेल. तिथून पीएनपीयुटिल या हुकमाने नेटकेव्हीएम फोल्डरातली आयएनएफ फाइल बसवा. ते जड वाटलं तर मशीन बंद करून कार्ड तात्पुरतं इंटेलचं करा, आत शिरा, ड्रायव्हर बसवा, कार्ड परत बदला. तात्पुरतं म्हणजे तात्पुरतंच. आयडीईवर टाकलेलं आणि तसंच राहिलेलं मशीन पाच वर्षांनी "सर्व्हर फार हळू चालतो" म्हणून माझ्यासमोर येतं.

आता ज्या प्रकाराने सगळ्यात जास्त माणसं घाबरतात, त्याकडे येतो. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर विकणारी व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं. तेव्हापासून लहानमोठ्या संस्था आपली मशीनं उचलून प्रॉक्समॉक्सकडे नेत आहेत. मशीन नेलं, डिस्कचा प्रकार उत्साहाने व्हर्टआयओ केला, चालू केलं. विंडोजचं चिन्ह आलं, ठिपके फिरायला लागले आणि निळा पडदा: इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, कोड ७बी.

एका पतसंस्थेच्या हिशेबाचा सर्व्हर असा अडकला, तेव्हा तिथले व्यवस्थापक मला म्हणाले, "अहो, आत्ता तर चिन्ह आलं होतं. डिस्क वाचली म्हणूनच आलं ना?" प्रश्न अगदी रास्त होता, आणि खरं उत्तरही त्यातच आहे. चिन्ह येईपर्यंत डिस्क विंडोज वाचत नसतं. ते काम मशीनचं फर्मवेअर करतं, बायॉस किंवा यूईएफआय. त्याच्याच मदतीने कर्नल आणि सुरुवातीचे मोजके ड्रायव्हर मेमरीत येतात. मग कर्नल कारभार हाती घेतो, फर्मवेअर बाजूला होतं, आणि त्या क्षणी कर्नलकडे डिस्कचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो त्या मोजक्यांत नसेल तर आत्तापर्यंत ज्या डिस्कवरून सगळं आलं, तीच त्याला परकी होते. डेटा जागेवर असतो. फाइलचं एक अक्षर बिघडलेलं नसतं. निळा पडदा बघून दुरुस्तीची साधनं चालवत सुटू नका, नव्याने विंडोज तर मुळीच टाकू नका.

डिस्क परत साटावर आणा. मशीन उठेल. मग एक जीबीची रिकामी दुसरी डिस्क व्हर्टआयओ म्हणून जोडा आणि ड्रायव्हर बसवा. ही रिकामी डिस्क कशाला, असं सगळे विचारतात. नुसत्या फाइली आत टाकून भागत नाही, ते उपकरण विंडोजसमोर एकदा प्रत्यक्ष यावं लागतं. आलं की हा ड्रायव्हर बूट होतानाच लागणार, अशी नोंद विंडोज करतं. मग मशीन बंद करा, मुख्य डिस्क व्हर्टआयओ करा, बूटचा क्रम तपासा, चालू करा. त्या पतसंस्थेत हे सगळं वीस मिनिटांत झालं. त्याआधीचे दोन दिवस ते वहीवर पावत्या लिहीत होते.

असं हलवलेल्या मशीनमध्ये जुनं नेटवर्क कार्ड अदृश्य होऊन राहतं आणि आपला आयपी धरून बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगून ते काढून टाका. लिनक्सवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. ड्रायव्हर तिथे असतो, पण बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या, जुन्या यंत्रापुरत्या बेताने बांधलेल्या इनिटरॅमएफएसमध्ये नसेल तर मशीन ड्रॅकटच्या आपत्कालीन शेलमध्ये जाऊन पडतं. हलवण्याआधीच ते नव्याने बांधून घ्या. कार्डाचं नावही बदलतं. कालचं ईएनएस१९२ आज ईएनएस१८ होतं आणि आयपीची जुनी फाइल कुणाच्याच कामाची उरत नाही.

"ड्रायव्हर मोफत उतरवा" म्हणणाऱ्या हरतऱ्हेच्या संकेतस्थळांवरून मात्र काही घेऊ नका. ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो. त्याच्या वर पहारा करणारं कुणी नसतं. सहीची तपासणी बंद करा, असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबा. चूक फोल्डर निवडताना झालेली असते आणि आपण घराचं कुलूप काढून ठेवतो.

हे सगळं सुधारता येतं, याचं उदाहरण मायक्रोसॉफ्टनेच घालून दिलं आहे. जुलै २००९ मध्ये कंपनीने हायपर-व्ही या आपल्या व्हर्च्युअल मशीनच्या व्यवस्थेसाठीच्या ड्रायव्हरांच्या सुमारे वीस हजार ओळी लिनक्स कर्नलला खुल्या परवान्याखाली दिल्या. आज हायपर-व्हीवर कुठलंही प्रचलित लिनक्स बसवताना डिस्कची यादी कोरी येत नाही. हायपर-व्हीवर लिनक्स चालावं हा त्यात कंपनीचा स्वतःचा फायदा होता, आणि त्यात वावगं काही नाही. पण परक्या व्यवस्थेला आपलं यंत्र ओळखता यावं म्हणून जिने एवढं केलं, तिला आपल्या इन्स्टॉलरमध्ये दोन क्रमांक छापणं अवघड नाही.

तोवर मी लॅबच्या भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. १एएफ४ म्हणजे व्हर्टआयओ. त्याखाली १०००, १००१, स्कझीचा १००४ आणि प्रत्येकापुढे फोल्डरचं नाव. परवा गेलो तर त्याखाली पेन्सिलीने भर पडलेली होती: नव्या पद्धतीच्या मशीनवर १०४१, १०४२, १०४८. अक्षर त्या मुलीचं होतं. क्रमांक मी पडताळून पाहिले; तिन्ही बरोबर आहेत.