वायुपुत्र

ज्या घरातल्या संगणकाच्या कॅबिनेटला मागच्या बाजूने एकही स्क्रू नाही, ते घर त्याचं असं खुशाल समजावं. कंपनीने दिलेले स्क्रू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. रात्री परत उघडायचंच आहे, मग कशाला पिळत बसा, असा त्याचा सरळ हिशेब, आणि तो रोज रात्री बरोबर येतो.

सोसायटीत त्याला वायुपुत्र म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. तो रागावत नाही. उलट म्हणतो, मारुतीरायाला निदान दिशा ठाऊक होती. तुम्हाला हातातला पंखा वारा कुठल्या अंगाने टाकतो हेही सांगता यायचं नाही. मग आपण विचारायच्या आत दाखवतो. पंख्याची जी बाजू मोकळी आणि देखणी, तिकडून हवा आत शिरते; जिकडे मोटर धरणाऱ्या पट्ट्या आणि स्टिकर, तिकडून बाहेर पडते. म्हणजे लोक शोभेची बाजू दर्शनी ठेवायला जातात आणि मागचा पंखा हटकून उलटा बसवतात. खात्री नसेल तर कागदाचा कपटा धरायचा. चिकटला तर पंखा ओढतोय, उडाला तर फेकतोय. असे कपटे त्याच्या शर्टाच्या खिशात कायम असतात. त्यासाठी घरातल्या कॅलेंडरचे उलटून गेलेले महिने त्याने वापरून संपवले आहेत, आणि मागच्या वर्षी दूधवाल्याचा हिशेब त्यातच गेला.

त्याचा स्वतःचा संगणक म्हणजे १२० मिलिमीटरचे सहा पंखे आणि त्यांना काहीतरी काम असावं म्हणून मध्ये बसवलेली थोडी यंत्रसामग्री. पुढे तीन, हवा आत घेणारे. मागे एक आणि छताला दोन, बाहेर टाकणारे. ही झाली सर्वमान्य मांडणी, पण सर्वमान्य गोष्टीत त्याचा जीव रमत नाही. छताच्या दोनांपैकी पुढचा पंखा हा त्याच्या आयुष्यातला न सुटलेला प्रश्न आहे. तो बाहेर फेकणारा लावला, तर पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोचायच्या आधी वरच्या वर पळवून नेतो. उलटा लावला, तर ताजी हवा थेट कूलरच्या तोंडी पडते, पण तिच्याबरोबर धूळही पडते. काढूनच टाकला, तर भोक उरतं, आणि भोक दिसलं की हवा आखलेला रस्ता सोडते. त्यामुळे हा पंखा एका आठवड्यात बाहेर फेकत असतो, दुसऱ्या आठवड्यात आत ओढत असतो आणि तिसऱ्या आठवड्यात टेबलाच्या खणात असतो.

या संगणकावर सोसायटीच्या मेन्टेनन्सच्या पावत्या निघतात, विजेचं बिल भरलं जातं आणि रात्री जुनी गाणी लागतात. एवढ्या कामाला आजचा प्रोसेसर कूसही बदलत नाही, मग तापणार कुठला? पण तापलाच नाही तर गार कसा करणार? म्हणून तो प्राइम९५ लावतो. मर्सेन मूळ संख्या शोधण्याची एक मोहीम १९९६ पासून चालू आहे, जगभरातले हौशी लोक आपापल्या संगणकांवर ती गणितं चालवतात, त्यांचा हा प्रोग्रॅम. त्या मोहिमेत २०२४ मध्ये सापडलेली संख्या चार कोटींहून अधिक अंकांची आहे. आमच्या गृहस्थाला तिच्याशी देणंघेणं नाही. ही गणितं प्रोसेसरला भट्टीत घालतात, एवढाच त्यांचा उपयोग त्याला दिसतो. उद्या त्याच्या पडद्यावर नवी मूळ संख्या अवतरलीच, तर तो तिला माउसने बाजूला सारून आधी खालचं तापमान बघेल. वहिनींचं यावर एक म्हणणं आहे: आधी आपणच दूध उतू घालायचं आणि मग ओटा किती लख्ख पुसला ते चारचौघांना दाखवायचं.

तापमानाची वही आहे. तिच्यात तीन रकाने: खोली, प्रोसेसर, फरक. खरा रकाना तिसरा. खोलीत ३६ अंश असतील तर जगातला कुठलाही पंखा आतलं काही ३६ च्या खाली नेऊ शकत नाही. पंखा थंडी तयार करत नाही, खोलीतलीच हवा आणून देतो. तेव्हा प्रोसेसर ७० वर आहे की ८० वर, याला खोलीचा आकडा सोबत असल्याशिवाय काडीचा अर्थ नाही. त्याचा मेहुणा मिनेसोटात असतो. त्याने एकदा जानेवारीत खिडकी किलकिली करून संगणकाचे आकडे कौतुकाने पाठवले. याने उत्तर दिलं, ‘ते मिनेसोटाचं कर्तृत्व, तुझं काय?’ नागपूरकरांचा मात्र त्याला मनापासून हेवा वाटतो. मे महिन्यात बाहेर ४५ असताना जो माणूस प्रोसेसर शंभरीच्या अलीकडे रोखून धरतो, त्याला तो मानतो. पुण्यात राहून आपलं कसब वाया चाललं, ही त्याची खंत आहे.

मला वाटतं, त्याला गारवा नकोच आहे, फरक हवा आहे. एका रात्री तिसरा रकाना दोन अंशांनी उतरला तेव्हा तो दोन मजले उतरून सांगायला आला होता. ऑफिसात तो उपव्यवस्थापक आहे. तिथे त्याने पुढे सरकवलेला कागद कुठून आत शिरतो आणि कुठून बाहेर पडतो, हे त्याला निवृत्त होईपर्यंत कळणार नाही. कॅबिनेटमध्ये ते लगेच कळतं.

शनिवारी तो तापकीर गल्लीत असतो. घ्यायचं काही नसतं. हल्ली कॅबिनेटला पुढून अख्खी काच असते आणि काचेमागे तीन रंगीबेरंगी फॅन फिरत असतात. हा काचेवर बोट ठेवून विचारतो, ‘हवा कुठून?’ दुकानदार म्हणतो, ‘साहेब, लाइट तर बघा.’ शेजारी एखादं कॉलेजचं पोरगं बापाला घेऊन उभं असतं. हा बापाकडे वळतो आणि कडेच्या बोटभर फटीतून तीन पंख्यांना श्वास कसा घ्यावा लागतो, ते सांगू लागतो. बापाला कळत काहीच नाही, पण पैसे वाचतायत एवढं कळतं. शेवटी एका दुकानदाराने त्याला चहा सांगायला सुरुवात केली. चहा संपेपर्यंत बोलायचं नाही, एवढीच अट. हा चहा फार सावकाश पितो, असं तो दुकानदार आता आनंदाने सांगतो.

त्याच गल्लीत त्याने बोनसच्या पैशांतून नॉक्टुआचे ते तपकिरी-बदामी ऑस्ट्रियन पंखे मागवून घेतले. किंमत घरी सांगताना एक शून्य गाळलं. त्यामागचं शास्त्र मात्र पूर्ण सांगितलं: दोन सारखे पंखे शेजारी लावले तर आवाज ३ डेसिबलने चढतो, पण पंख्याचा वेग निम्मा केला तर सुमारे १५ डेसिबलने उतरतो, म्हणून पंखे वाढवावेत आणि हळू फिरवावेत. आता त्याचा संगणक इतका गुपचूप चालतो की चालू आहे का, हे बघायला त्याला रात्री उठावं लागतं. उठल्यावर ऐकू येतो तो छताचा पंखा. तो गेल्या दिवाळीपासून खडखडतो आहे. वहिनींनी विषय काढला की म्हणतो, ‘तो माझ्या शाखेत येत नाही. त्याला ना इनटेक ना एक्झॉस्ट, नुसती हवा ढवळतो.’

प्रतिस्पर्धी नाही असं नाही. बी विंगमध्ये एक तरुण आहे, त्याच्याकडे लिक्विड कूलिंग आहे. लिफ्टमध्ये दोघं भेटले की मजले कमी पडतात. हा विचारतो, ‘प्रोसेसर पाण्याने गार केलास, बरं. पाणी कशाने गार करतोस?’ पोरगा गप्प होतो, कारण रेडिएटरला शेवटी पंखेच लागतात. पोरग्याने एकदा उलट वार केला: गरम हवा वरच जाते ना, मग एवढा खटाटोप कशाला? त्या संध्याकाळी लिफ्ट तळमजल्यावर दार उघडं ठेवून बराच वेळ उभी होती. एवढ्याशा पेटीत गरम हवेचा वर जाण्याचा जोर पंख्यापुढे नगण्य असतो, पंखा म्हणेल तिकडे ती जाते, अगदी खालीसुद्धा, हे सिद्ध झाल्यावरच लोकांना वर जाता आलं. मग त्याने थोरामोठ्यांच्या चुकाही काढल्या. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स रचना आणली तेव्हा एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा ओढून प्रोसेसरवर फेकायची असं ठरलं होतं, म्हणजे आधी स्वतः गरम केलेली हवा त्याच्या अंगावर. पुढे तो पंखा उलटा करावा लागला. ‘तेव्हा मला विचारलं असतं तर,’ असं तो म्हणाला नाही, पण तसाच थांबला.

दसऱ्याला तो कॅबिनेटची पूजा करतो. उदबत्ती ओवाळतो ती मात्र जरा लांबतेच, कारण धूर पुढून आत जाऊन मागून सरळ निघतो की मध्येच घुटमळतो, हे त्यात दिसतं. त्याच्या आईला लेक देवभोळा निघाल्याचं समाधान आहे. मागच्या दसऱ्याला झेंडूच्या पाकळ्या पुढच्या जाळीला आपोआप चिकटून बसल्या. आईंनी हात जोडले. यानेही जोडले; तिन्ही पंख्यांची ओढ सारखी आहे, याचा इतका सुबक पुरावा त्याला आधी मिळाला नव्हता.

आता धुळीचं. शेजारची इमारत पाडून नवी उठते आहे, त्यामुळे घरात धूळ. त्याचं तत्त्व असं: जेवढी हवा बाहेर टाकता त्याहून थोडी जास्त आत घ्या. मग आत दाब राहतो, फटींतून हवा बाहेरच पडते, आणि आत येणारी सगळी फिल्टरच्या जाळीतून येते. उलट बाहेर जास्त फेकलीत, तर प्रत्येक फट धूळ ओढू लागते. हे पूर्णपणे खरं आहे. इथवरच तो थांबला असता तर कोणाची तक्रार नव्हती.

पण एका रविवारी समोरच्यांकडे सुके बोंबील भाजले आणि वास याच्या दिवाणखान्यात आला. वहिनींनी नाक मुरडलं. हा उठून दाराशी पालथा पडला, फटीला कपटा लावून बघितला आणि गंभीर चेहऱ्याने उठला. ‘आपला फ्लॅट निगेटिव्ह प्रेशरमध्ये आहे,’ तो म्हणाला. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतो, धुळीमुळे खिडक्या बंद, मग तेवढी हवा यायची कुठून? दाराखालून, बोंबलांसकट. वहिनी म्हणाल्या, ‘खिडकी उघडा.’

‘फिल्टर नसलेला इनटेक?’ त्याने विचारलं, आणि स्टूल आणलं.

एक्झॉस्ट काढून उलटा बसवायला त्याला दुपार लागली. बाहेरून मच्छरदाणीची दुहेरी जाळी लावली. घरात दाब आला. दाराच्या फटीशी धरलेला कपटा जिन्यात उडाला, तेव्हा त्याने मला खालून बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा वहिनी वर्षाच्या मसाल्याची सुकी मिरची भाजायला घेत होत्या. मी काही बोलणार, तोवर कढई तापली होती.

पहिला ठसका वहिनींना लागला, दुसरा आईंना. बाहेरून येणाऱ्या झोताने मिरचीचा धूर ओट्यावरून उचलला, पॅसेजमधून आणला, दिवाणखान्यातून नेला आणि दाराखालून जिन्यात सोडला. बोंबीलवाले खोकत बाहेर आले. वरच्या मजल्यावर कुत्रं शिंकू लागलं. बी विंगचा पोरगा कोणाला तरी भेटायला येत होता, तो अर्ध्या जिन्यातून परत गेला. आणि हा दिवाणखान्याच्या मधोमध उभा, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, हात धुराच्या दिशेने लांबवून मला सांगतोय, ‘बघ! कुठे भोवरा नाही! एका रेषेत बाहेर!’

संध्याकाळी वहिनी स्वतः स्टुलावर चढल्या. त्याने खालून सूचना द्यायला सुरुवात केली, पण त्यांनी पाना हातात घेऊन एकदाच वळून बघितलं. दहा मिनिटांत पंखा सुलट झाला. मग त्यांनी, माझ्या देखत, त्याच्या खिशातून कपटा काढला, बटण दाबलं आणि पंख्यासमोर धरला. कपटा टपकन जाळीला चिकटला.

‘बाहेर,’ त्या म्हणाल्या.

तो लाल डोळ्यांनी बराच वेळ कान देऊन ऐकत होता. मग म्हणाला, ‘हो, पण बेअरिंग गेलंय याचं. आवाज ऐक.’