'च'ची बाधा

आपल्याकडे सल्ला फुकट मिळतो. गुडघा दुखतो एवढं म्हणायचा अवकाश, रिक्षावाल्यापासून व्याह्यांपर्यंत प्रत्येकजण एकेका तेलाचं नाव सांगतो. अशा मुलखात पैसे मोजून, सल्ला न देणाऱ्या बाईंकडे जायचं हे माझ्या हिशेबी स्वभावाला पटत नव्हतं. पण निवृत्तीनंतर माझी झोप उडाली, आणि फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळीऐवजी समुपदेशक बाईंचं नाव लिहिलं.

'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' चांगला ऐसपैस बसला आहे. म्हटलं, तासभर कीर्तन ऐकून येऊ. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. भिंतीवरचं घड्याळ माझ्या पाठीमागे होतं, म्हणजे वेळ त्यांना दिसणार, मला नाही. टीपॉयवर टिश्यूपेपरचा डबा. आपण त्याला हात लावायचा नाही, असं मी बसताबसता ठरवून टाकलं.

"बोला काका," एवढं म्हणून बाई गप्प. मग मीच सुरू झालो. मुलाने रोज फोन केलाच पाहिजे. सोसायटीच्या सभेत माझं ऐकलंच पाहिजे. रात्री अकराला झोप लागलीच पाहिजे. बाई वहीत रेघा ओढत होत्या. वेळ संपल्यावर त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. दूधवाल्याच्या हिशेबासारख्या सतरा उभ्या रेघा.

"हे तुमचे 'च'," त्या म्हणाल्या.

या रेघांचं गोत्र थेट न्यूयॉर्कचं निघालं. अल्बर्ट एलिस हे त्यांचे मूळपुरुष. बाईंच्या शेल्फवर अंजली जोशींची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी होती. त्यांनी ती मला वाचायला दिली. एलिस आधी व्यापारशिक्षणाचे पदवीधर. मग कादंबऱ्या लिहून पाहिल्या, त्या कोणी छापल्या नाहीत. शेवटी मानसशास्त्राकडे वळून १९४७ साली कोलंबिया विद्यापीठातून पीएच.डी. झाले. फ्रॉइडच्या वाटेनेही काही वर्षं चालून पाहिलं; पण रुग्ण भूतकाळ उकरत बसतो आणि आजचं दुखणं तसंच राहतं, हे त्यांना पटेना. १९५५ साली त्यांनी आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली.

तिचा पहिला रुग्ण मात्र ते स्वतःच होते. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची भयंकर भीती. तेव्हा त्यांनी ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर बाकावर एकट्या बसलेल्या बायकांशी बोलायचा नेम धरला. १३० जणींच्या शेजारी बसले. तीस उठून गेल्या, शंभर बोलल्या, एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. शंभरात भोपळा! पण जीव गेला नाही, पोलीसही आले नाहीत. भीती मात्र गेली.

"मुलाचा फोन येत नाही आणि तुमची झोप उडते," बाई पुढच्या वेळी म्हणाल्या, "पण या दोन्हींच्या मध्ये काय आहे?" मी पुष्कळ विचार केला. मध्ये सापडलं एवढंच: 'यायलाच हवा होता.'

मी घाबरून विचारलं, "म्हणजे आता 'च' सोडायचा? मराठी माणूस बोलणार कसा?" बाई हसल्या. "'चहा घ्याच' मधला 'च' ठेवा, तो आग्रह. 'माझं ऐकलंच पाहिजे' हा हुकूम. जग हुकूम पाळत नाही, काका, आणि राग तुम्हाला येतो. फोन यावा ही इच्छा ठेवा की, कोण नको म्हणतंय?"

मग गृहपाठ मिळाला. या पद्धतीत तो असतोच (हा 'च' माहितीपर आहे, मोजू नये). आठवडाभर जिथे हुकमी 'च' येईल तिथे 'तर बरं' घालायचं.

रविवारी मुलाला फोन लावला. घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "वेळ मिळाला तर अधूनमधून फोन करत जा. बरं वाटेल."

पलीकडे शांतता. मग दबक्या आवाजात, "बाबा, आईला फोन द्या जरा."

ही त्याला कितीतरी वेळ समजावत होती. पण त्याचा काही विश्वास बसला नाही. तेव्हापासून तो काळजीने रोज फोन करतो. ऑफिसातून सुटला की, बरोब्बर रात्री अकराला. आताशा मला डोळा लागतो, त्या वेळी.