ब्रँडेड घड्याळांचा संग्रह: श्रीगणेशा

सर्वप्रथम, घड्याळ छापील किमतीला घ्या. मग दिवाळीच्या सेलचे दिवस येतात. त्या काळात मॉलकडे फिरकू नये. तेच घड्याळ अर्ध्या किमतीत दिसलं की नव्या संग्राहकाची झोप उडते.

आता डायलवरचं नाव मोठ्याने वाचा. मायकेल कोर्स, एम्पोरिओ अरमानी, डिझेल. मंडळी मुळात कपडेवाली. त्यांच्या नावाची घड्याळं परवाना घेऊन बाजारात आणते अमेरिकेतल्या टेक्सासची फॉसिल. टॉमी हिलफिगर आणि ह्युगो बॉस यांचा परवाना मोव्हाडो ग्रुपकडे. म्हणजे पहिले तीन ब्रँड जमवून तुम्ही एकाच घरची तीन भावंडं जमवलीत. पाहुण्यांना हे सांगू नका.

भिंग घ्या. सहाच्या आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत बऱ्याचदा 'जपान मूव्हमेंट' लिहिलेलं सापडेल. आतलं क्वार्ट्‌झ मशीन पुष्कळदा मियोटाचं असतं, आणि मियोटा सिटिझनची. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. फुटपाथवरच्या क्वार्ट्‌झ घड्याळातलाही तेवढाच. डायलवर अरमानी आहे म्हणून तो जास्त थरथरत नाही.

तीन छोट्या डायली असतील तर त्यांतली एक चोवीस तासांची निघण्याची दाट शक्यता आहे. दुपारचे तीन वाजलेत की पहाटेचे, हे ती सांगते. खिडकी नसलेल्या घरात उपयोगी.

अपवाद आहेत, नाही असं नाही. शनेलचं सिरॅमिकचं जे-१२ हे २००० साली आलं आणि घड्याळवाल्यांनीही ते मानलं. हर्मेसने २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या व्होशे या मशीन बनवणाऱ्या कारखान्यात २५ टक्के हिस्सा घेतला. किंमत ऐकून पुढच्या पायरीकडे वळा.

ती पायरी म्हणजे जुनं एचएमटी. गंमत अशी की एचएमटीनेही १९६१ मध्ये बंगळूरला सिटिझनचीच मदत घेऊन घड्याळं सुरू केली. पण सतरा ज्वेलच्या 'जनता'ला किल्ली द्यावी लागते, आणि बिघडलं तर दुरुस्तीवाले काका ते उघडून साफ करून देतात. फॅशनच्या घड्याळाचं मशीन दुरुस्त करण्यापेक्षा बदलणंच स्वस्त पडतं. जुन्या बाजारात मात्र सांभाळा: डायल नव्याने रंगवून भडक केलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'बॉम्बे स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात. एवढी कीर्ती आपल्या शहराच्या नावावर जमा आहे.

माझं विचाराल तर फॅशनचं घड्याळ आवडलं की घ्यावं, शर्टावर शोभलं की घालावं. भाव वाढेल म्हणून जपू नये. विकायला गेलात की कळेल.

तरीही पेटीत ठेवायचंच असेल, तर आधी सेल काढून ठेवा. हा दुसरा सेल. तो गळला तर मशीन खातो.