उधन्यात पडलेला बर्फ

मराठी माणसाला सुरत दोन सालांमुळे पाठ असते. १६६४ साली महाराजांनी ती लुटली आणि २०२२ च्या जून महिन्यात महाराष्ट्रातले काही आमदार रातोरात तिथल्या हॉटेलात मुक्कामाला गेले. पहिल्या वेळी माल सुरतेहून महाराष्ट्रात आला, दुसऱ्या वेळी महाराष्ट्रातून सुरतेला गेला; हिशेब फिटला. या दोन सालांच्या मध्ये आणि त्यानंतरही ताप्ती लाइनच्या गाडीत बसून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत लाखो खानदेशी माणसं सुरतेला आली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोलीत राहून कापड विणू लागली, हे मात्र कुणाच्या लक्षात नसतं. ती लुटत नाहीत आणि पळूनही जात नाहीत. मग बातमी कशाची होणार?

या सुरतेत सध्या एक नवा माल उतरला आहे. त्याचं नाव वातावरण. साडी, हिरा, लोचो आणि घारी यांच्या शहरात आता तरुण मंडळी एकमेकांना विचारतात, ‘तू तो अल्बम ऐकलास का? काय वातावरण आहे!’ हे वातावरण इंडी फोक नावाच्या संगीतात मिळतं. कृती सोपी आहे. गिटार एक, गायक एकटा, आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा, शब्द अर्धे गिळलेले आणि मधूनमधून खुर्ची करकरल्याचा आवाज. आपल्याकडे खुर्ची करकरली तर ध्वनिमुद्रण पुन्हा करतात. तिकडे समीक्षक त्या करकरीवर परिच्छेद लिहितात.

या पंथाचा एक आद्यग्रंथ आहे, ‘फॉर एमा, फॉरएव्हर अगो’. जस्टिन व्हर्नन नावाच्या अमेरिकन तरुणाचा बँड मोडला, प्रेम मोडलं, वर आजारपण आलं. २००६-०७ च्या हिवाळ्यात तो विस्कॉन्सिन राज्यात वडिलांच्या शिकारीच्या लाकडी खोपटात जाऊन राहिला. तीनेक महिने त्याने लाकडं फोडली, हरणाचं मांस खाल्लं आणि गाणी ध्वनिमुद्रित केली. बॉन इव्हेर या नावाने नऊ गाण्यांचा हा अल्बम त्याने २००७ मध्ये स्वतःच काढला, २००८ मध्ये कंपनीने काढला आणि २०१२ मध्ये बॉन इव्हेरला ग्रॅमीचा सर्वोत्तम नवोदित कलाकाराचा पुरस्कार मिळाला. साहित्य संमेलनात साठी ओलांडलेले नवोदित कवी ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

अल्बम चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्या माणसाचं दुःख खरं होतं, खोपटही खरं होतं. माझी तक्रार ऐकणाऱ्यांबद्दल आहे. सुरतेत त्यांचे पाच प्रकार आढळतात.

पहिला प्रकार हिमदंशी. हा वेसूच्या अकराव्या मजल्यावर राहतो. एसी अठरावर, पडदे ओढलेले, अंगावर रजई. अल्बम सुरू होताच तो सांगतो, ‘मला अंगावर बर्फ पडल्यासारखं वाटतं.’ सुरतेत थंडी येते ती उंधियु आणि पोंक खाऊन होईपर्यंत थांबते, मग निघून जाते. पण या श्रोत्याला विस्कॉन्सिनचा बर्फ इतका जवळचा झाला आहे, की विजेचं बिल आल्यावरच त्याला आपण गुजरातेत असल्याचं कळतं.

दुसरा प्रकार उसनवारीचा. याचं लग्न ठरलेलं आहे. मुलगी चांगली, सासरा हिऱ्यांच्या धंद्यातला, हॉल ठरला, पत्रिका छापून झाली. तरी हा रोज रात्री दुसऱ्याच्या मोडलेल्या प्रेमावर डोळे पुसतो. स्वतःचं दुःख नसेल तर माणसाने दुसऱ्याचं वापरावं आणि परत करावं. हा परतही करत नाही.

तिसरा अर्थशोधक. व्हर्ननने म्हणे आधी नुसत्या आवाजांनी चाली गायल्या आणि त्या आवाजांना बसतील असे शब्द मागाहून शोधले. म्हणजे खुद्द गायकाला अर्थ उशिरा सापडला. आमच्या अर्थशोधकाला तो पहिल्या ओळीत सापडतो, दुसऱ्या ओळीत खोल जातो आणि तिसऱ्या ओळीला त्याला स्वतःचं बालपण आठवतं.

चौथा पूर्वीपासूनचा. ‘मी हे २००७ पासून ऐकतोय,’ असं तो सांगतो. २००७ मध्ये तो महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत होता आणि पाढे ऐकत होता. पाढ्यांनाही एक प्रकारचं उदास वातावरण असतं, हे मी मान्य करतो.

पाचवा सात्त्विक. कांदा-लसूण न खाणाऱ्या या सज्जनाला खोपटातलं ते एकांताचं जीवन फार पवित्र वाटलं. ‘एकदम साधू माणूस,’ तो म्हणाला. हरणाची गोष्ट मी त्याला सांगायला नको होती. आता तो अल्बम ऐकतो, पण जेवणाच्या वेळा टाळून.

हे पाच प्रकार गावात सगळीकडे सापडतात, पण खरी परीक्षा डिंडोलीत झाली. तिथे आमचा एक भाचा राहतो. साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं तो कॉम्प्युटरवर काढतो. दिवसभर मोर आणि कैऱ्या काढून आलेला माणूस संध्याकाळी विस्कॉन्सिनला गेला, तर त्याला बोल लावता येणार नाही. घरच्यांनाही वातावरण मिळावं म्हणून एका रविवारी त्याने सगळ्यांना बसवून अल्बम लावला.

दाजींनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं, ‘आवाज वाढव.’ भाच्याने वाढवला. ‘अजून वाढव.’ अजून वाढवला. ‘चालू तर कर आधी.’ दाजी पांडेसऱ्यात लूम्सच्या खात्यात बारा तासांची पाळी करतात. तिथे शेजारच्या माणसाशी बोलायचं तर खुणा कराव्या लागतात किंवा कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. नव्वद डेसिबलच्या वरचा आवाज वर्षानुवर्षं कानावर पडला की ऐकू येणं कमी होतं आणि ते परत येत नाही. कान सगळ्यात आधी हरवतो ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. व्हर्ननचं गाणंही बारीक, उंच आवाजाचंच. संगीताच्या समीक्षेत एक वाक्य कुणी लिहीत नाही, ते इथे लिहून ठेवतो: शांतता ऐकायला आधी शाबूत कान लागतात, आणि कान शाबूत राहतील असा धंदा लागतो.

शेजारचे सुरती काका खमण घेऊन आले होते. त्यांनी तीन गाणी सभ्यपणे ऐकली आणि विचारलं, ‘हारुं छे, पण चालु क्यारे थहे?’ चांगलं आहे, पण सुरू कधी होणार? माझ्या वाचनात आलेल्या समीक्षांमध्ये याहून नेमकी समीक्षा नाही.

भाच्याची फुई, म्हणजे आत्या, स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिने आतूनच विचारलं, ‘कोन रडी ऱ्हायना रे? त्याले काही खावाले दिधं का नही?’ पाच प्रकारच्या श्रोत्यांपैकी एकानेही आजवर या मुलाच्या जेवणाची चौकशी केलेली नव्हती. फुईने केली. मग भाकरी तव्यावर टाकता टाकता ती आपल्याच नादात आखाजीचं गाणं गुणगुणू लागली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात आणि गाणी म्हणतात. वर्षभर न बोललेलं सगळं त्या झोक्यावर निघतं. तेवढ्यात भाचा म्हणाला, ‘फुई, जरा हळू. गाणं चालू आहे.’

मुद्दा एवढाच आहे, आणि तो त्या वाक्यात पुरता आला.

इंडी म्हणजे काय, तर पाठीशी मोठी कंपनी नसलेलं. फोक म्हणजे लोकांचं. ही व्याख्या घेऊन डिंडोलीत फिरलात तर दर तिसऱ्या मोबाइलवर इंडी फोक सापडेल. अहिराणी गाणी कोण काढतं? खानदेशातली पोरं काढतात. मित्राचा कॅमेरा, काकाचं शेत, नाचायला ओळखीतली मुलं-मुली आणि प्रकाशक म्हणून यूट्यूब. ‘हाई झुमका वाली पोर’ असंच निघालं, कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं आणि ज्यांना अहिराणीतला ‘शे’ कळत नाही असे लोकही त्यावर नाचले. कंपनी नाही, खोपट आहे, बोली आहे, लोक आहेत. व्याख्येत बसायचं आणखी काय राहिलं? पण भाच्याला विचारलं, तर तो म्हणतो, ‘ते गावठी आहे.’ थोडक्यात, विस्कॉन्सिनच्या गावचं ते फोक आणि धरणगावच्या गावचं ते गावठी.

गावठीचं फोक करण्याचा एक राजमार्गही आहे. शीतपेयाच्या कंपनीने ते गायला लावावं. २०२३ मध्ये कोक स्टुडिओत आदित्य गढवीने ‘खलासी’ गायलं आणि गुजरातचा खलाशी एका रात्रीत सगळ्या देशाच्या फोनमध्ये शिरला. गाणं झकास आहे. पण समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाला वातावरण प्राप्त होण्यासाठी बाटलीची सही लागावी, ही गोष्ट समुद्रालाही खारट लागली असेल.

आता वातावरणच हवं असेल, तर जात्यावरची ओवी घ्या. समीक्षकांच्या भाषेत तिचं परीक्षण असं होईल: ‘कलावंत पहाटेच्या अंधारात, पूर्ण एकांतात गाते. पार्श्वभूमीला दगडाचा सलग खर्ज. निर्मितीत कोणताही कृत्रिम झगमगाट नाही. बांगड्यांचा आवाज जाणूनबुजून ठेवलेला आहे. माहेर, भाऊ आणि न सांगता येणारं दुःख या विषयांभोवती रचना फिरते.’ हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणजे या अल्बमात नऊ नव्हे, लाखभर गाणी आहेत. पण त्याला कुणी वातावरण म्हणालं नाही, कारण अल्बम संपला की पीठ तयार असायचं. ज्या कलेतून भाकरी निघते तिला आपल्याकडे काम म्हणतात.

एकट्याने दुःख गाणाऱ्या माणसाची गोष्ट खानदेशालाही नवी नाही. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी १८८० साली जन्मल्या. तरुणपणीच वैधव्य आलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्या गाणी रचत गेल्या, घरातल्यांनी ती उतरवून ठेवली. त्यांना खोपटात जाऊन राहायची सोय नव्हती, कारण खोपट झाडायचं कामही त्यांच्याचकडे होतं. १९५१ मध्ये त्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे भारावून गेले, हे महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं हा गुन्हा ठरेल असं म्हणाले आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. श्रोत्याची प्रतिक्रिया असावी तर अशी. अत्र्यांना बर्फ जाणवला नाही, स्वतःचं बालपण आठवलं नाही. ते उठले आणि त्यांनी पुस्तक काढायला लावलं. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. तिथे शिकणारी काही मुलंही आज हेडफोन लावून विस्कॉन्सिनला जात असतील. जावोत, परतीच्या गाडीचं तिकीट तेवढं काढून ठेवावं.

माझं म्हणणं, बॉन इव्हेर ऐकू नका, असं मुळीच नाही. जरूर ऐका. ज्याने स्वतःच्या मुलखातल्या थंडीचं गाणं केलं, त्याच्याकडून शिकायचं ते एवढंच, की आपण आपल्या मुलखातल्या उन्हाचं करावं. तो ज्या घरात होता तिथलंच त्याने गायलं. त्याचे सुरतेतले श्रोते मात्र ज्या घरात आहेत तिथलं गाणं हळू करायला सांगतात.

तेव्हा वेसू, अडाजण आणि डिंडोलीच्या तमाम वातावरणप्रेमींना हे जाहीर आमंत्रण. श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार खानदेशच्या कानबाई देवीचा. त्या रात्री लिंबायतमध्ये घराघरांत कानबाई बसते, बाया रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. कंपनी नाही, तिकीट नाही, ध्वनिमुद्रणही नाही. उकाडा भरपूर असेल, बर्फाची व्यवस्था नाही. हेडफोन घरी ठेवून यावं. रोट मात्र मागू नयेत. ते भाऊबंदांतच खायचे असतात.