बुरशीला अनुदान

पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी फुकट उगवते. तिच्याच एका पेनिसिलिन देणाऱ्या भावंडाला कारखान्याच्या टाकीत वाढवायचे, तर केंद्र सरकारला हल्ली प्रोत्साहन योजना काढावी लागते.

वास्तविक ही विद्या आपल्याला येत होती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मदतीला होत्या. पुढच्याच वर्षी देशी पेनिसिलिन बाहेर पडले. मग चीनचा माल स्वस्तात येऊ लागला. आपण पडलो हिशेबी माणसे! किलोमागे चार पैसे वाचतात म्हटल्यावर देशभरातल्या टाक्या एकेक करून थंड पडल्या आणि खरेदी विभागांना शाबासकी मिळाली.

नियमांत मात्र कसूर नाही. औषधावर १९४०चा कायदा, कारखान्यावर शेड्यूल एम, किमतीवर २०१३चा आदेश. परदेशात नोंदलेल्या गोळीचा कच्चा माल दुसऱ्याकडून घ्यायचा, तर गोळ्या ४० अंश उष्णतेत आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून बघायच्या. मे महिन्यात विरार लोकलमध्ये ठेवल्या तरी हेच साधले असते. पण तिथे नोंदवहीत सही करायला कुणाचा हात मोकळा नसतो. त्यापेक्षा आहे तो चिनी पुरवठादार काय वाईट?

सरकारी निविदेत तर सगळा कारभार एल-वनच्या, म्हणजे सर्वांत कमी दर भरणाऱ्याच्या चरणी. चार कंपन्यांनी दर भरले की साहेब निर्धास्त. एक बुडाली तरी तीन आहेतच. चौघींचे कच्च्या मालाचे ड्रम एकाच चिनी कारखान्यातून आले असतील, ही शंका लिहायला फॉर्मात रकाना नाही.

तो रकाना २०२०च्या मार्चमध्ये करोनाने भरला. चीनचा माल अडकेल या धास्तीने पॅरासिटामॉलसह २६ औषधे आणि कच्चे माल यांच्या निर्यातीवर सरकारने बंधने घातली. त्याच वर्षी ती ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आली. २०२४मध्ये आंध्रात काकीनाड्याला पेनिसिलिन-जीचा कारखाना सुरूही झाला. त्याच वर्षी बेंझिल पेनिसिलिनच्या इंजेक्शनची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवावी लागली, कारण बांधलेल्या दरात ते बनवणे उत्पादकांना परवडेना.

आता परिसंवाद भरतात. ‘एकाच पुरवठादारावर विसंबू नये’ हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो आणि त्याची प्रत खरेदी विभागाकडे जाते. तिथे शेरा पडतो : देशी माल अवश्य घ्यावा, दर मात्र चिनी लावून मागावा.