वॉर्डनसाहेब

इंग्लंडच्या सफोक भागातल्या कुठल्याही जुन्या चर्चमध्ये शिरा, पाच मिनिटांत चर्चची देखभाल पाहणारे वॉर्डनसाहेब हजर होतात. सत्तरी ओलांडलेली, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर, एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा. पगार शून्य. निवडणूक दरवर्षी होते, पण दुसरं कोणी उभंच राहत नाही.

"हे बाराव्या शतकातलं!" अर्धगोल कमानीवर टॉर्च पडतो. मग टोकदार कमान, तेरावं शतक. मग लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या पैशांतून आलेल्या उंच खिडक्या, पंधरावं. इथवर आवाज मऊ असतो. एकोणिसाव्या शतकाशी आले की चढतो.

"खरवडलं हो सगळं!" जीर्णोद्धाराच्या नावाखाली व्हिक्टोरियन मंडळींनी भिंतींचा जुना गिलावा काढला, दगड उघडे पाडले. त्या काळचे वास्तुतज्ज्ञ जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचं नाव ते वाटणीत फसवणाऱ्या चुलत्याचं घ्यावं तसं घेतात. ट्यूक्सबरीच्या जुन्या चर्चचं स्कॉट काय करणार या धास्तीने कवी-कलावंत विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवणारी संस्था काढली. मॉरिस गेला, त्याचा राग वॉर्डनसाहेबांनी जपून ठेवलाय.

सिमेंटचं तर नाव काढू नका. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. हे व्याख्यान ते ज्या सिमेंटच्या लेपासमोर देतात, तो लावणारे जुने वॉर्डन यांचेच सासरे.

जवळच्या ब्लाइथबर्ग चर्चची गोष्ट मात्र ते टाळतात. तिथे छतावरच्या लाकडी देवदूतांच्या अंगात छर्रे सापडले. लोकांनी खापर फोडलं १६४४ मध्ये मूर्ती फोडत आलेल्या डाउसिंगवर. छर्रे निघाले अठराव्या शतकातले. छतात घुसलेल्या कावळ्यांवर चर्चवाल्यांनीच पैसे देऊन बंदुका चालवायला लावल्या होत्या!

आता तशी सोय नाही. वटवाघळं वेदीवर घाण करतात, पण कायद्याने त्यांना हात लावता येत नाही. जुनं बाक हलवायलाही वरून परवानगी लागते. छतावरचं शिसं चोर नेतात. त्यांना परवानगी लागत नाही. दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञ तपासणी करून दुरुस्तीची लांबलचक यादी देतो, पैसे देत नाही. ते वॉर्डनसाहेबांनी केक विकून उभे करायचे.

तेव्हा तिकडे गेलात तर व्याख्यान पूर्ण ऐका आणि पेटीत काहीतरी टाका. सुटे नाहीत ही सबब चालणार नाही. कार्डाचं मशीनही त्यांनी बसवून घेतलंय.