सन्माननीय पालक-प्रतिनिधींचे चैत्रातले कामकाज

महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क-विनियमन अधिनियमाने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीस, पुढील शैक्षणिक वर्षापूर्वी किमान सहा महिने सादर होणाऱ्या शुल्कप्रस्तावास मंजुरी देण्याचा वा न देण्याचा अखत्यार बहाल केला, आणि समितीवरील पालकांची निवड चिठ्ठ्या टाकून व्हावी अशी तरतूदही केली. परंतु मुंबईच्या देवनारात चैत्र उजाडला, की या कायदेशीर अधिकारपदाचे रूपांतर बटाटेवड्यांची मोजदाद, निरोपसमारंभाची वर्गणी आणि बाईंना द्यावयाच्या साडीचा रंग यांच्या अखंड बंदोबस्तात कसे होते, हे मसुदाकारांच्या स्वप्नातही आले नसावे. शुल्कवाढीच्या ठरावावर बिनतक्रार स्वाक्षरी करणाऱ्या याच सन्माननीय प्रतिनिधी, वर्गणीत वीस रुपये कमी भरणाऱ्या पालकाची मात्र दप्तरी नोंद ठेवतात, आणि वसुलीचा तगादा असा लावतात की जुन्या अमदानीतल्या मामलेदाराने अदबीने उठून उभे राहावे. पुरुष पालकांचे योगदान बहुधा टेम्पो बोलावण्यापुरते.

समारंभात पर्यावरणावर भाषण होतेच. 1927 पासून मुंबापुरीचा कचरा पोटात घेत आलेली कचराभूमी याच परिसरात असल्यामुळे विषय शोधण्याचे श्रम वाचतात. आठवीतली कन्या चकचकीत पताकांच्या तोरणाखाली उभी राहून ‘कचरा कमी करा’ असे तारस्वरात बजावते, टाळ्या पडतात, आणि कागदी पेल्यांच्या राशी उपसणाऱ्या सहसचिव, आगामी वर्षीच्या चिठ्ठीत आपले नाव असावे की नसावे यापेक्षा, उरलेले वडे कोणाच्या खाती खर्ची घालावेत या प्रश्नाने अधिक व्यथित असतात.